जमिनीची अखंड थरथर
१२. पार्श्वकंप : भूकंप नसतानाही भूकंपमापकाच्या आलेखावर उमटत राहणारी बारीक थरथर. तिचा ठळक भाग समुद्रातून येतो. समोरासमोरून येणाऱ्या लाटा भिडल्या की तळावरचा दाब लाटांच्या दुप्पट वारंवारतेने बदलतो, हे शास्त्रज्ञ लाँगे-हिगिन्स यांनी १९५० मध्ये गणिताने दाखवले. मापकांचे जाळे पसरले, की तोच कंप कुठे आधी, कुठे नंतर पोहोचला यावरून त्याची दिशा आणि वेग काढता येतो. अमेरिकेत माँटाना येथे १९६५ मध्ये ५२५ मापकांचे जाळे उभारले गेले, ते भूमिगत अणुचाचण्या ओळखण्यासाठी; पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असूनही त्याने या थरथरीचे उगम शोधायला मदत केली. गोंगाट म्हणून गाळल्या जाणाऱ्या नोंदींतच दूरच्या वादळांची खबर असते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. — संपादक