बदलण्याची सोय आणि बदलण्याचा अधिकार : केडीई डेस्कटॉपची वाटचाल (१९९६ ते २०२४)

प्रास्ताविक

संगणक सुरू केल्यानंतर वापरकर्त्याची पहिली गाठ पडते ती पडद्यावरील मांडणीशी. खालची पट्टी, मेनू, चिन्हे, खिडक्यांच्या कडा, अक्षरांचा आकार या सर्वांचा मेळ घालणाऱ्या प्रोग्रामच्या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. ही मांडणी आपल्या सवयीप्रमाणे बदलता येणे, ही बाब वरवर पाहता केवळ अभिरुचीची वाटते. तथापि लिनक्सवरील केडीई या डेस्कटॉपचा इतिहास वेगळी गोष्ट सांगतो. निर्मात्याने देऊ केलेली बदलाची सोय आणि वापरकर्त्याला परवान्याने मिळालेला बदलाचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोय काढून घेतली जाते तेव्हा अधिकाराचे मोल कळते. या दृष्टीने केडीईच्या वाटचालीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये एक्स विंडो सिस्टीमचा जन्म झाला. युनिक्सच्या पडद्यावर खिडक्या उघडण्याची यंत्रणा तिने पुरवली. परंतु त्या खिडक्या कशा दिसाव्यात, कशा वागाव्यात हे तिने हेतुपुरस्सर ठरवले नाही. परिणामी प्रत्येक प्रोग्रामचे रूप निराळे, मेनू निराळे आणि कळांचे संकेतही निराळे राहिले. ही विसंगती दूर करण्यासाठी मोठ्या युनिक्स कंपन्यांनी १९९३ मध्ये सीडीई या सामाईक डेस्कटॉपची घोषणा केली. मात्र तो विकत घ्यावा लागे आणि त्याची मूळ संहिता बंदिस्त होती. ती मुक्त होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. घरच्या संगणकावर लिनक्स बसवणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा उपयोग नव्हता.

केडीईचा आरंभ आणि परवान्याचा वाद

जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माथियास एट्रिख याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी सामान्य वापरकर्त्यासाठी सुसंगत आणि विनामूल्य डेस्कटॉप उभारण्याचे जाहीर आवाहन केले. केडीई हे नाव म्हणजे सीडीईवरील श्लेष होता. आवाहनास प्रोग्रामरांचा प्रतिसाद मिळाला आणि १२ जुलै १९९८ रोजी केडीईची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली.

तथापि या इमारतीच्या पायातच एक प्रश्न दडलेला होता. केडीई ज्या क्यूटी या साधनसंचावर उभे होते, तो नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीचा होता. मुक्त प्रोग्राम लिहिण्यासाठी तो फुकट मिळे, परंतु त्यात फेरफार करून तो इतरांना देण्यास मुभा नव्हती. पडद्याचा रंग बदलता येई. ज्यावर पडदा टांगला ती चौकट मात्र परक्याची होती. या कारणास्तव मेक्सिकोतील मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये जीनोम या पर्यायी डेस्कटॉपची घोषणा केली, तर १९९८ मध्ये डेबियनने आपल्या वितरणातून केडीई वगळले.

या दबावाचा परिणाम झाला. ट्रोलटेक आणि केडीई यांच्यात १९९८ मध्ये करार होऊन एक प्रतिष्ठान स्थापन झाले. कंपनीने क्यूटीची मुक्त आवृत्ती काढणे थांबवल्यास ती खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा हक्क या प्रतिष्ठानास मिळाला. पुढे सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले आणि वादाचे मूळ कारण संपले.

पहिल्या भेटीतील प्रश्न

केडीईच्या तिसऱ्या मालिकेत (२००२ पासून) नव्या वापरकर्त्याच्या स्वागतास केपर्सनलायझर नावाचा छोटा प्रोग्राम असे. तो प्रथम देश आणि भाषा विचारी. खिडक्या केडीई, युनिक्स, विंडोज की मॅकच्या रीतीने वागाव्यात, हा त्याचा दुसरा प्रश्न. त्यानंतर संगणकाच्या ताकदीनुसार दृश्य सजावट किती असावी, हे एका सरकपट्टीने ठरवता येई आणि अखेरीस रूपाची निवड होई. वापरकर्ता कोठून आला आहे हे विचारून यंत्राने त्याच्या सवयींशी जुळवून घ्यावे, अशी ही भूमिका होती.

जीनोमने त्याच सुमारास उलट वाट धरली. जून २००२ मधील जीनोम २.० मध्ये अनेक पर्याय कमी करण्यात आले. प्रत्येक पर्यायाची किंमत असते, तो तपासावा लागतो आणि नवख्यास गोंधळात टाकतो, असा त्यामागील युक्तिवाद होता. तो निराधार म्हणता येणार नाही, कारण केडीईच्या नियंत्रण कक्षातील पर्यायांच्या गर्दीत नवखा माणूस खरोखरच हरवत असे.

सोय गेली, अधिकार उरला

जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आले. प्लाझ्मा या नव्या रचनेचा हा पाया आहे, ही नित्य वापराची परिपक्व आवृत्ती नव्हे, असा विकसकांचा खुलासा होता. परंतु अनेकांच्या संगणकावर ती पोहोचली आणि सवयीच्या कित्येक सोयी नाहीशा झाल्या. असंतोष तीव्र होता. एप्रिल २०११ मधील जीनोम ३ ने जुनी पट्टी आणि मेनू हटवले, तेव्हा त्याचीच पुनरावृत्ती झाली.

बंदिस्त प्रणालीत अशा वेळी तक्रार करणे किंवा जुळवून घेणे एवढेच हाती राहते. येथे तसे झाले नाही. केडीईची जुनी मालिका ट्रिनिटी या नावाने २०१० पासून स्वतंत्रपणे चालू राहिली. जीनोम २ ची संहिता माटे या प्रकल्पाने पुढे नेली, तर लिनक्स मिंटने सिनॅमन हा वेगळा डेस्कटॉप घडवला. हे घडू शकले ते परवान्यामुळे, पर्यायांच्या संख्येमुळे नव्हे. अर्थात अधिकार असला तरी तो बजावण्यास कौशल्य आणि वर्षानुवर्षांचे श्रम लागतात. म्हणून तो प्रत्यक्षात काहींनी बजावला आणि लाभ अनेकांना झाला.

मराठीच्या संदर्भात

देवनागरीच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो. जोडाक्षरे आणि व्यंजनाआधी उमटणारी ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर योग्य दिसण्यासाठी अक्षरजुळणीची यंत्रणाच त्या क्षमतेची असावी लागते. केडीईत हे काम क्यूटीने आणि जीनोममध्ये पँगोने केले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. दोन्ही डेस्कटॉपचे मराठी भाषांतर हाती घेण्यास कोणाची अनुज्ञा घ्यावी लागली नाही. व्यापारी प्रणालीत मराठी केव्हा यावी हे कंपनी ठरवते. येथे तो निर्णय भाषकांच्या हाती होता, आणि म्हणून जबाबदारीही त्यांचीच होती.

समारोप

फेब्रुवारी २०२३ मधील प्लाझ्मा ५.२७ मध्ये नव्या वापरकर्त्यासाठी स्वागतकेंद्र आले आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लाझ्मा ६ प्रसिद्ध झाले. पहिल्या भेटीचा प्रश्न अशा रीतीने पुन्हा ऐरणीवर आला. महाविद्यालयीन संगणक शिक्षणात कोणता पर्याय कोठे सापडतो हे शिकवले जाते. ते ज्ञान पुढच्या आवृत्तीबरोबर कालबाह्य होते. तो पर्याय कोणाच्या मर्जीने तेथे आहे आणि उद्या काढून घेतला गेल्यास काय करता येईल, हे परवाना वाचल्यावर कळते. केडीईच्या इतिहासाने अधोरेखित केलेली ही बाब अभ्यासक्रमात स्थान मिळण्यास पात्र आहे.