सहा रुपये दोन आणे

मावळात मी तलाठी होतो. नाणे मावळ, पवन मावळ, शेवटची काही वर्षं लोणावळ्याजवळ. लोकांचे आठ-अ, म्हणजे जमिनीच्या खात्याचे उतारे, लिहिण्यात हयात गेली, पण जपून ठेवलेला कागद एकच आहे: आजोबांच्या साऱ्याची, म्हणजे शेतसाऱ्याची, पावती. ६ रुपये २ आणे.

१९३५ च्या कायद्यानं मुंबई प्रांतात खेड्यातल्या खातेदाराला मत हवं असेल तर ८ रुपये सारा लागे. त्याआधी, १९१९ च्या सुधारणांत, आमच्या भागासाठी हाच आकडा ३२ होता. आमच्या मावळात ओढ्याकाठी चार खाचरं, बाकी सगळी डोंगरउताराची हलकी, वरकस जमीन. वरकसाचा आकार, म्हणजे सारा, आण्यांत. चिखलणीत कंबर मोडणाऱ्या माणसाचा सारा आठाला पोचायचा कसा? १९३७ च्या निवडणुकीत आजोबांना मत नव्हतं. बायकांपैकी काहींना नवऱ्याच्या पात्रतेवर मत मिळालं. आजीला तेही नाही.

मालमत्तेवरून मत मोजण्याची ही रीत विलायतेतून आली. तिथं १८३२ च्या सुधारणेनं शहरात वर्षाला किमान १० पौंड भाडं येईल अशा घरात राहणाऱ्या पुरुषाला मत दिलं. मजूर बाहेरच राहिला. १८६७ आणि १८८४ मध्ये दार थोडं थोडं उघडलं, आणि स्त्रीपुरुषांना सारखं मत मिळायला १९२८ उजाडलं. शहाण्णव वर्षं. मालमत्ता असलेलाच जबाबदार, ही त्या पार्लमेंटची जुनी समजूत आमच्या कायद्यांतही उतरली.

त्यात आमच्याकडे धरण आलं. लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची पायाभरणी १९११ मध्ये झाली; १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. खाचर पाण्याखाली गेलं की खात्यावरचा आकार उतरतो. म्हणजे सगळ्यात जास्त गमावलेल्या माणसाकडेच मतासाठी दाखवायला सगळ्यात कमी उरणार. हे मला आजही सहन होत नाही.

भूमिहीनांचं तर नावच नको. मताधिकाराच्या साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मताचा प्रश्न मांडला, आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मतदान मागितलं. 

ते मत स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना मिळालं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह. आजीला अक्षर येत नव्हतं. तिनं चिन्ह पाहून मत टाकलं. आजोबा मात्र विचारतील म्हणून पावती बंडीच्या खिशात घालून गेले होते.

कुणी मागितली नाही.