नमनाच्या ओव्या आणि झोपलेला मेंढपाळ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते, वाचलेले मात्र फार थोड्यांनी. आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात हे नाव निघाले की कोणीतरी हटकून विचारते, "येशूच्या चरित्राला पुराण का म्हणायचे? पुराणे तर त्यांची." प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या ग्रंथाच्या बांधणीतच सापडते, पण त्यासाठी काय सांगितले आहे याबरोबर कसे सांगितले आहे हेही पाहावे लागते. उपासनेत वचन ऐकताना आपण हे सहसा पाहत नाही. मजकूर कानावर पडतो, अर्थ लागतो आणि आपण पुढे जातो. चित्रांच्या बाबतीत तर आपण आणखी घाईत असतो.

स्टीफन्स हे इंग्लंडचे. जेझुइट संघात दाखल होऊन ते 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले आणि 1619 मध्ये वारले. ही चाळीस वर्षे मुख्यतः सासष्टीत गेली. त्यांचा ग्रंथ 1616 मध्ये रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा 36 अवस्वरांत येते, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र 59 अवस्वरांत. एकूण ओव्या सुमारे अकरा हजार.

आता सुरुवात पाहा. पुराण उघडले की आधी नमन येते, हा मराठी श्रोत्याच्या कानाचा संस्कार. ज्ञानेश्वरीपासून तीच रीत आहे. स्टीफन्सही नमनानेच आरंभ करतात, मात्र ते नमन स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या पित्याला आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकाराचे पहिले वाक्य येथे ओवीच्या चालीत उतरले आहे. आणि लगेच पुढे त्या पित्याला रिद्धी-सिद्धी देणारा म्हटले आहे. हे विशेषण कोणाचे ते सासष्टीतल्या लहान मुलालाही ठाऊक असणार, कारण रिद्धी-सिद्धी गणपतीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात. स्वर्गाला स्टीफन्स वैकुंठ म्हणतात. यात अलंकारशास्त्राचे अवघड असे काही नाही. ओळखीचा शब्द उचलून नव्या धन्याला दिला आहे. पण ही युक्ती चालते ती श्रोत्याला जुना धनी आठवतो म्हणूनच. तो विसरला असता तर त्या शब्दाला वजनच उरले नसते.

दुसरी खूण म्हणजे प्रश्न विचारणारा श्रोता. पुराण आपणहून सुरू होत नाही, कोणीतरी विचारावे लागते. परीक्षित विचारतो आणि शुक सांगतात, जनमेजय विचारतो आणि वैशंपायन सांगतात. ख्रिस्तपुराणात सासष्टीतला एक ब्राह्मण पाद्री गुरूला विचारतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की आमची आधीची पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? संवादाची ही चौकट परंपरेतली आहे, हे खरे. पण ती केवळ सजावट समजून पुढे जाणे मला पटत नाही. 1567 मध्ये सासष्टीतली देवळे पाडली गेली होती. मराठी पोथ्या पाद्र्यांनी हस्तगत करून अभ्यासल्या होत्या. रामायण-महाभारताच्या कथांच्या रोमन लिपीत उतरवलेल्या प्रती पोर्तुगालमध्ये ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स तेव्हा गोव्यातच होते. अशा भूमीत तो ब्राह्मण प्रश्न विचारतो आहे. आपल्या पहिल्या मोठ्या मराठी ग्रंथाच्या दारातच एका हरवलेल्या गोष्टीची मागणी उभी आहे. काहीजण म्हणतील, ही चलाखी होती, शब्द पळवले. काहीजण म्हणतील, प्रभू आपल्या भाषेत घरी आला. मला दोन्ही दिसते. त्यातले एक झाकून दुसरे दाखवणे हे प्रामाणिक वाचन नव्हे.

भाषेविषयी स्टीफन्स स्वतः प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहितात. देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी सामान्य माणसाला कळत नाही. म्हणून त्यांनी जुन्या कवींचे अवघड शब्द टाकले आणि ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द जागोजागी मिसळले. कवी आपली कारागिरी अशी उघडी करून दाखवतो हे विरळाच. आजही आपल्या सीमाभागात अर्धी मंडळी घरी एक बोलतात आणि प्रार्थना दुसऱ्या भाषेत करतात. त्यांना ही खटपट वेगळी समजावून सांगायला नको.

आणि ओवी. पहिले तीन चरण यमकाने एकमेकांना धरून येतात, चौथा आखूड असतो आणि यमक सोडून देतो. जात्यावर बसलेल्या आजीला विचारा, चौथ्या चरणावर हात जरा सैल होतो. डोळ्यांनी वाचताना हे कळत नाही. मोठ्याने वाचले की त्या आखूड चरणावर थांबावे लागते, आणि वाक्यातला महत्त्वाचा शब्द पुष्कळदा तिथेच बसलेला असतो. हा ग्रंथ चर्चमध्ये, घरात जमलेल्यांना वाचून दाखवला जाई. तो कानासाठी लिहिला आहे.

आता डोळ्यांकडे येऊ. ख्रिस्तपुराण वाचले जात होते त्याच शतकात गोव्यात हस्तिदंताच्या लहान मूर्ती घडत होत्या. त्यातला उत्तम मेंढपाळ आवर्जून पाहावा. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात अशा मूर्ती आहेत. टप्प्याटप्प्यांच्या डोंगरावर बाळ येशू मेंढपाळाच्या वेषात बसला आहे. पायावर पाय, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. खाली झरा वाहतो, त्याचे पाणी पक्षी आणि मेंढरे पितात. अगदी तळाला गुहेत मरिया मग्दालेना आडवी होऊन पुस्तक वाचत असते.

अशी मूर्ती पाहताना आधी नजर कुठून कुठे जाते ते बघावे. इथे ती वरून खाली येते, झऱ्याच्या पाण्यासारखी. बाळापासून मेंढरांपर्यंत आणि शेवटी पश्चात्ताप करणाऱ्या स्त्रीपर्यंत. कृपेचा हा प्रवाह कोरणाऱ्याने एकही अक्षर न लिहिता दाखवला आहे. मग डोळे पाहावेत. शुभवर्तमानातला मेंढपाळ हरवलेल्या मेंढराच्या मागे धावतो, हा मात्र ध्यानस्थ आहे. मिटलेले डोळे आणि तो डोंगर पाहून अनेक अभ्यासकांना बुद्ध आठवला आहे, गुराख्याच्या रूपातला कृष्णही आठवला आहे. हे कोरणारे हात कोणाचे होते? बिगरख्रिस्ती कारागिरांकडून पवित्र प्रतिमा करवून घेऊ नयेत असे 1567 च्या गोव्यातल्या धर्मसभेने ठरवले होते. मनाई करावी लागली यावरूनच काय चालत होते ते समजते. मूर्तींवर नावे नाहीत. पण बसण्याच्या ढबीतून आणि पापण्यांच्या रेषेतून तो कारागीर आपल्यापर्यंत पोचतो, जसा आखूड चौथ्या चरणातून मराठी श्रोता पोचतो.

हे दिसू लागले की आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे वेगळी वाटतात. 1902 मध्ये गोव्यात जन्मलेले फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. साडीतली मारिया काढली म्हणून गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. ते पुण्याला आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत राहिले आणि 1967 मध्ये तिथेच वारले. जलरंगाचे पातळ थर, नितळ रेषा, नाट्यमय सावल्या जवळजवळ नाहीतच. अशा चित्रात प्रकाश एका बाजूने पडत नाही, तो माणसांच्या अंगातून आल्यासारखा वाटतो. आक्षेप मात्र नेहमी साडीवर. "मारिया काय भारतीय होती?" नव्हती. इटालियनही नव्हती. आपल्या घरोघरी टांगलेल्या निळ्या झग्यातल्या मातेचा निळा रंग युरोपात आला तो दूरदेशीच्या महागड्या दगडाच्या पुडीतून. सर्वात मोलाचा रंग तिला, हा त्या चित्रकारांचा मान. फोन्सेकांनी तोच मान पदराने दिला.

छापील ख्रिस्तपुराणाच्या आपल्यापर्यंत काय आले म्हणाल, तर 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उरलेली नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून लोकांची बोली मोडायला सुरुवात केली. ग्रंथ वाचला तो हाताने नकलून घेणाऱ्यांमुळे, विशेषतः गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला, आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरीत आणला. ही देवनागरी प्रत हाती लागली तर नमनाच्या पहिल्या दहा ओव्या मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक चौथ्या चरणावर थोडे थांबा.