रेड ॲरेमधली डिस्क फेल झाली? हात लावण्याआधी हे वाचा

फोन पाण्यात पडला की पहिली काळजी फोटोंची असते. आता हाच विचार मोठ्या प्रमाणावर करून बघा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची. ती चालवणारी एनसीआरए ही संस्था पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात आहे. आकाशातल्या एखाद्या क्षणिक घटनेचा डेटा गेला, तर ती घटना पुन्हा घडवून आणता येत नाही. असा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर ठेवून कसं चालेल? इथेच रेड ॲरे कामाला येतो.

रेड म्हणजे काय?

अनेक डिस्क जोडून त्या एकच मोठी डिस्क असल्यासारख्या वापरायच्या, ही कल्पना. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 च्या पेपरमध्ये ती मांडली.

मार्कशीट आठवा. एका विषयाचे मार्क पुसले गेले, तरी बाकीचे विषय आणि टोटल यावरून ते काढता येतात. रेडमधली पॅरिटी म्हणजे ही टोटलच. पण दोन विषय पुसले गेले, तर एका टोटलवरून काहीच कळत नाही.

- रेड 0: पॅरिटी नाही, कॉपी नाही. एक डिस्क गेली की सगळं गेलं.
- रेड 1: दोन डिस्कवर सारखीच कॉपी.
- रेड 5: एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत.
- रेड 6: दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत.

डिस्क कशी बदलायची?

1. आधी बॅकअप तपासा. नसेल तर आत्ताच महत्त्वाच्या फाईल्स कॉपी करा.
2. खराब डिस्क नक्की कोणती, ते सिरीयल नंबरवरून ओळखा. फक्त स्लॉट मोजून अंदाज बांधू नका. रेड 5 मध्ये एक डिस्क आधीच गेलेली असताना चुकून चांगली डिस्क काढली, तर अख्खा ॲरे बंद पडतो.
3. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. थोडीशी जरी लहान निघाली, तरी ॲरे ती घेत नाही.
4. खराब डिस्क आधी सॉफ्टवेअरमधून काढा. लिनक्सवर हे काम एमडीॲडम करतं. हॉट-स्वॅपची सोय असेल तर डिस्क चालू मशीनमध्येच बदलता येते, नाहीतर मशीन बंद करा.
5. नवी डिस्क बसवा आणि रीबिल्ड सुरू झालंय ना, ते बघा.

खरा धोका रीबिल्डमध्ये

समजा डिस्क 8 टीबीची आहे आणि लिहिण्याचा वेग सेकंदाला 150 एमबी. म्हणजे रीबिल्डला साधारण 15 तास लागणार, आणि त्याच वेळी ॲरेवर दुसरं काम चालू असेल तर आणखी जास्त. एवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्या बहुतेकदा एकाच वेळी घेतलेल्या, तितक्याच जुन्या असतात. त्यातली आणखी एक गेली, तर रेड 5 वाचवू शकत नाही. म्हणून मोठ्या डिस्कसाठी रेड 6 बरं. एक स्पेअर डिस्क आधीच घेऊन ठेवा, म्हणजे ऑर्डर येईपर्यंत थांबावं लागणार नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाईल डिलीट केली, तर ती सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. घरात दोन डिस्कचा छोटा नॅस असला, तरी एक कॉपी दुसरीकडे ठेवाच.