हैदराबाद मुक्तिसंग्राम : लष्करी बलाबल

पूर्णा नदीवरील येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी) आज धरणामुळे ओळखली जाते. १९४८ मध्ये हा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उत्तरेला काही कोसांवर वऱ्हाडची, म्हणजे भारतीय संघराज्याची, हद्द लागत असे. संस्थानात त्या वर्षी पेटलेल्या संघर्षात कोणाचे पारडे कोठे जड होते, हे या हद्दीवरून उमगते.

निजामाचे बळ
जनरल अल इद्रूस यांच्या हाताखाली सुमारे २२ हजार सैनिक होते. कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाई. परंतु आधुनिक शस्त्रे त्यांपैकी थोड्यांकडेच होती, इतरांची भिस्त ठासणीच्या बंदुका व तलवारींवर होती. पोलीस, महसूल यंत्रणा आणि रेल्वे हाती असल्याने गावोगावी दहशत बसविणे त्यांना सोपे होते. मात्र संस्थान चहूबाजूंनी भारताने वेढलेले होते आणि त्याला बंदर नव्हते. सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून शस्त्रे आणी, पण तेवढ्याने उणीव भरून निघणारी नव्हती.

स्टेट काँग्रेसचे बळ
स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील कार्यकर्त्यांकडे शस्त्रे मोजकीच होती. त्यांचा खरा आधार म्हणजे हद्दीपलीकडील उमरखेडसारखी केंद्रे. तेथून येऊन करोडगिरी नाके व पोलीस चौक्यांवर छापे घालायचे आणि पुन्हा हद्द ओलांडायची, ही त्यांची रीत. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी येथील बँकेवर त्यांनी छापा घातला. असे छापे निजामी कारभार खिळखिळा करीत. गावाचे कायमचे रक्षण मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर होते. तुकडी परतली की रझाकारांचा सूड गावकऱ्यांना भोगावा लागे.

निर्णायक फरक
ही कोंडी भारतीय सैन्याने फोडली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सैन्य अनेक दिशांनी संस्थानात शिरले. रणगाडे आणि विमाने यांपुढे रझाकारांची संख्या निरुपयोगी ठरली. नळदुर्गजवळील बोरी नदीचा पूल पहिल्याच दिवशी शाबूत हाती आल्याने सोलापूरकडून येणारी मुख्य फौज वेगाने पुढे सरकली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

लढाई पाच दिवसांत संपली, हिंसा संपली नाही. सूडाच्या नव्या लाटेत आता मुस्लिम वस्त्या सापडल्या. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद (आता धाराशिव), गुलबर्गा (आता कलबुर्गी), बिदर व नांदेड या जिल्ह्यांना बसली. लष्करी बलाबलाच्या हिशेबात निःशस्त्र गावकऱ्याची बाजू आधी आणि नंतरही दुबळीच राहिली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.