सुट्टी रत्नागिरीची, धडा इतिहासाचा

वार्षिक परीक्षा संपली की घराघरांतून एकच प्रश्न निघतो : सुट्टीत मुलांना न्यायचे कुठे? लांबच्या थंड हवेच्या ठिकाणांची नावे निघतात, खर्चाचा हिशेब होतो आणि बेत तसाच राहतो. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव कोकणात आहे. तेव्हा यंदा रत्नागिरीलाच चला, पण डोळे उघडे ठेवून चला.

सुरुवात थिबा राजवाड्यापासून करा. जांभ्या दगडाची, उतरत्या छपरांची ही भव्य वास्तू 1910 साली पुरी झाली. आज तेथे शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मदेशचा राजा कोकणात आला कसा, असे मुले विचारतील. त्यांना सांगा की भांडणाचे निमित्त लाकूड होते. सागवानाचा व्यापार करणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला राजदरबाराने जबर दंड केला. इंग्रजांना तेवढे कारण पुरले. नोव्हेंबर 1885 मध्ये अवघ्या काही दिवसांच्या लढाईत मंडाले पडले आणि जेमतेम सव्वीस वर्षांच्या थिबा राजाला मद्रासमार्गे 1886 साली रत्नागिरीस आणण्यात आले. पुन्हा मायदेश पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. 1916 साली तो येथेच वारला व त्याची समाधीही याच शहरात आहे. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे येऊन नतमस्तक झाले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. याच्या सुमारे सत्तावीस वर्षे आधी दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याला त्याच इंग्रजांनी ब्रह्मदेशात रंगूनला धाडले होते. 1862 साली तो तेथेच निवर्तला. दिल्लीच्या बादशहाची कबर रंगूनला आणि मंडालेच्या राजाची समाधी रत्नागिरीला! साम्राज्यशाही म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांपेक्षा या दोन जागा अधिक स्पष्ट सांगतात.

पालकांनी मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थिबा राजाला चार मुली होत्या. धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली. या राजकन्यांना रीतसर शालेय शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. खजिन्यातील रत्ने एकेक करून विकली गेली. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, हलाखीत दिवस काढत. माणके संपतात, विद्या असती तर ती उरली असती. आपल्या मुलींचे शिक्षण सातवी-आठवीत थांबवण्यापूर्वी आपण हा राजवाडा एकदा जरूर पाहावा.

दुपारी जेवणाची वेळ होईल. तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि सोलकढी हे ताटही इतिहासच सांगते. कोकम आपल्या मातीतले; कालवणातील मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली. हापूस हे नावसुद्धा अल्फान्सोचा, म्हणजे पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावाचा अपभ्रंश मानले जाते. कोकणच्या या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आजीच्या हातचे सांदण खाताना तिला विचारा, ही कृती तिला कोणी शिकवली? तिचे उत्तर वहीत लिहून ठेवा. ते कोणत्याही संग्रहालयात सापडणार नाही.

संध्याकाळी समुद्रावर जा. मांडवीची वाळू काळसर, तर मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूचे बन आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात मचवे परतताना दिसतील आणि रत्नदुर्गावरून साऱ्या किनाऱ्याचे दर्शन घडेल. मे अखेरीस समुद्र खवळू लागतो. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांचा सल्ला घ्यावा.

या सहलीला फार पैसा लागत नाही. लागते ती एक वही, एक पेन्सिल आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची आपली तयारी. उत्तर ठाऊक नसेल तर लाजू नका. "चल, दोघे मिळून शोधू," एवढे म्हणा. शाळा जूनमध्ये उघडेल, पण शिक्षण त्याच क्षणी सुरू झालेले असेल.