उपनगरांचे पाणी आणि दलित स्त्री

मुंबईच्या पाण्याचा इतिहास लिहिणारे बहुधा धरणांपासून सुरुवात करतात. 1860 मध्ये विहार, 1879 मध्ये तुळशी, 1892 मध्ये तानसा, 1957 मध्ये वैतरणेवरील मोडकसागर. त्यात इंजिनिअरांची नावे असतात, खर्चाचे आकडे असतात. नळापासून चुलीपर्यंत ते पाणी कोणी वाहिले, हे मात्र त्यात येत नाही. ते बायकांचे काम, म्हणून त्याची नोंद नाही.

विहार आणि तुळशी ही तळी उपनगरात आहेत. पण बांधली गेली बेटावरच्या शहरासाठी. तानसाचे अजस्र नळ मुलुंड-घाटकोपरच्या अंगावरून पुढे शहराकडे गेले. अंधेरी आणि घाटकोपर 1950 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. गोरेगाव, बोरिवली, मुलुंड 1957 मध्ये. हद्द वाढली म्हणून नळ वाढले नाहीत. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसे मुंबईला आली, त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. गावात सवर्णांची विहीर बंद, मग पाऊसही बंद. ती उपनगरांतल्या टेकड्यांवर, नाल्यांच्या काठी आणि या नळांच्याच कडेला राहिली. शेजारून अख्ख्या शहराचे पाणी वाहते आहे आणि बाई हंडा घेऊन अर्धा मैल चालते आहे, हे चित्र कोणा कवीच्या कल्पनेतले नव्हे.

महापालिकेने वर्षानुवर्षे झोपडपट्टीसाठी माणशी रोज 45 लिटर आणि इमारतीसाठी 135 लिटर असे प्रमाण धरले. हा फरक कोणत्या तर्काने ठरला? झोपडीतल्या माणसाला तहान तिप्पट कमी लागते काय? कागदावर जातीचे नाव कोठेही नाही, आणि झोपडपट्टीत सर्व जातिधर्मांचे लोक राहतात हेही खरे. तरीही गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणी वरून आणि मोजून ओतण्याची जी रीत होती, तिच्याशी या हिशोबाचे नाते मला स्पष्ट दिसते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर माणशी तीन हंडे. पाच माणसांच्या घराला पंधरा हंडे, म्हणजे सव्वादोनशे किलो वजन, रोज. घाटकोपरच्या टेकडीवर नळाला दाब नसतो, तेथे हे वजन पायऱ्यांनी चढते. जे नव्वद लिटर मिळत नाहीत त्यांचा तोटाही घरात समान वाटला जात नाही. पुरुषाची आंघोळ होते, मुलांचे शाळेचे कपडे धुतले जातात. बाई आपली आंघोळ आणि पाळीचे कपडे शेवटच्या तांब्यावर भागवते. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर पहिल्या तासाला गैरहजर राहणाऱ्यांत मुलीच अधिक असतात. कारण विचारले तर एकच शब्द ऐकू येतो, ‘पाणी’.

उपनगरांतील पाण्याच्या लढ्यात सर्वांत ठळक नाव मृणाल गोरे यांचे. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या, 1961 मध्ये गोरेगावातून नगरसेविका झाल्या आणि ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. 1972 मध्ये अहिल्या रांगणेकर आदींबरोबर त्यांनी महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. 1977 मध्ये त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. त्यांचे मोठेपण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. नळासाठी हंडे घेऊन बसणाऱ्या बाया राजकारण करू शकतात, हे त्यांनी मुंबईला दाखवले. पण इतिहासाने एका बाईचे नाव ठेवले आणि हंडे वाहणाऱ्या शेकडो बायांचा ‘मोर्चा’ केला. मोर्चाला नाव-आडनाव नसते.

हा दोष केवळ सवर्ण इतिहासकारांचा नाही. 20 मार्च 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो. त्याच वर्षी 27 डिसेंबरला महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि चळवळीत पुरुषांइतकाच वाटा उचलायला सांगितले. त्या स्त्रियांचा शोध घ्यायला मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांना 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहावे लागले. तोवर आपल्या व्यासपीठांवरून ‘आमच्या माता-भगिनी’ एवढाच उल्लेख होत असे.

महाडची दुसरी एक गोष्ट उपनगरांच्या संदर्भात मला महत्त्वाची वाटते. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा. कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्ष ओंजळ भरायला सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 उजाडले.

आता उपनगरांकडे पाहा. 1 जानेवारी 1995 नंतरच्या झोपड्यांना पाणी नाही, असे 1996 मध्ये शासनाने परिपत्रकाने ठरवले. पुढे पाणी हक्क समिती न्यायालयात गेली आणि डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही. घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्कात पाणी येते. मात्र अधिकृत घरांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही आणि दर जास्त लावता येईल, अशी मुभाही त्यात राहिली. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आले मे 2022 मध्ये. निकाल आणि धोरण यांच्यामधली साडेसात वर्षे बायांनी पाणी विकत घेऊन, उसने मागून काढली.

शौचालयाची कथा याहून वेगळी नाही. 2011 मध्ये मुंबईतील अनेक संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हा व्यवहार लोकांना प्रथमच खटकला. भाजी विकणारी, कचरा वेचणारी, घरकाम करणारी बाई दिवसभर पाणीच पीत नाही, म्हणजे जावे लागत नाही. ‘स्त्रियांचे सबलीकरण’ हा विकासवाल्यांचा आवडता शब्द. पण वस्तीच्या शौचालयाची समिती नेमली की बाईच्या वाट्याला बहुधा देखरेख आणि साफसफाई येते. हिशोबाची वही आणि किल्ली पुरुषाकडे जाते. वस्तीत महापालिका नळ देते तोही पाच-दहा घरांच्या गटाला. गटाचा एक प्रमुख असतो; जोडणी त्याच्या नावावर, बिल त्याच्या नावावर. पहाटे चारला उठून पाइप जोडणारी बाई त्या कागदावर नसते. नळजोडणीच्या अर्जावर पहिले नाव बाईचे असावे, ही मागणी आपल्या किती वस्त्यांच्या सभांत मांडली गेली?